थंडीचे दिवस आणि चुलीचा हिशेब

दिवाळी सरली, कापसाची दुसरी वेचणी घरात येऊन पडली, की भोकरदन तालुक्यात पहाटेचा वारा बोचू लागतो. पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात घराघरांच्या न्हाणीवरून धुराच्या रेघा उठतात, पारावर शेकोटी पेटते, आणि म्हातारी माणसे उन्हाची वाट पाहत भिंतीला टेकून बसतात. हा मुलूख अजिंठ्याच्या डोंगररांगेकडचा, पलीकडे बुलढाणा जिल्ह्याची शीव. दिवसा उन्हात शर्ट काढावा असे वाटते आणि रात्री दोन गोधड्याही अपुऱ्या पडतात.

वेधशाळेच्या हिशेबाने सपाटीवर किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली उतरले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी राहिले, की ती थंडीची लाट. मराठवाड्याला ती नवी नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीत पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता. तरीही आपली थंडी ही काश्मीरची थंडी नव्हे. ती दोन महिन्यांची, आणि त्यातही रात्रीची पाहुणी. तिच्यासाठी घर दिवसरात्र तापवत बसण्याची गरज नाही. पण या दोन महिन्यांत सरपणाचा ढीग पाहता पाहता खाली बसतो, गॅसची टाकी महिन्याच्या आत संपते आणि विजेचे बिल वर चढते, हेही खरे. खताच्या पोत्याचा भाव तोंडपाठ असणाऱ्या माणसाला घरात रोज किती सरपण जळते असे विचारले, तर तो घरधनिणीकडे पाहतो. आणि तीही म्हणते, “कोण मोजतं हो?”

तेव्हा या खेपेला आपण मोजूनच पाहू.

न्हाणीतले पाणी

आपल्या घरात थंडीचा सर्वांत मोठा खर्च अंगाला ऊब देण्याचा नसतो. तो आंघोळीच्या पाण्याचा असतो. वीस लिटरची बादली धरा. पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी पंधरा अंशांपर्यंत थंड झालेले असते. अंगाला सोसेल असे ऊन पाणी म्हणजे बेचाळीस अंश. गॅसवर एवढे पाणी तापवायला, इकडे तिकडे वाया जाणारी आच धरून, साधारण ऐंशी ग्रॅम गॅस जातो. घरात पाच माणसे असली तर रोजचे चारशे ग्रॅम, महिन्याचे बारा किलो. टाकीत गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे जवळजवळ आख्खी टाकी नुसती न्हाणीत वाहून जाते, आणि भाकरी अजून व्हायचीच आहे. टाकीचा तुमच्या गावचा भाव घाला, आणि आकडा स्वतःच पाहा.

तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हाच हिशेब मांडला तर वाळलेल्या लाकडाच्या आचेतला जेमतेम आठवा-दहावा हिस्सा पाण्यात उतरतो. बादलीमागे किलोभराहून जास्त लाकूड जाते. पाच माणसांचे दोन महिन्यांचे साडेतीन क्विंटलच्या घरात होते. डोक्यावरून मोळ्या आणणाऱ्या बाईला हा आकडा सांगायची गरज नाही, तिच्या मानेला तो ठाऊक आहे.

आता यावरचा पहिला उपाय, आणि तो फुकटचा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी थंडीत पहाटे कोमट लागते, हे आपल्यातल्या प्रत्येकाने पाट सोडताना अनुभवले आहे. त्यात जादू काही नाही. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. आपल्याकडे ते पंचवीस अंशांच्या आसपास असते. बाहेर हवा दहा अंशांची, म्हणून ते पाणी ऊन वाटते. पण आपण काय करतो? संध्याकाळी मोटर लावून ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो, रात्रभर थंड वाऱ्यात ठेवतो, आणि सकाळी त्यातलीच गेलेली ऊब पैसे मोजून परत विकत घेतो! आंघोळीचे पाणी पहाटे ताजे काढले, बोअरचे असो वा हापशाचे, तर पंधरापासून नव्हे, पंचविसापासून तापवावे लागते. बादलीमागे तीस ग्रॅम गॅस वाचतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेचार किलो, म्हणजे टाकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. विसणालाही हेच ताजे पाणी घ्यावे. विसण गार असले तर आधण अधिक कडक लागते, म्हणजे फिरून तेच.

ज्यांच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येते किंवा वीज रात्रीचीच मिळते, त्यांना ताजे पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यांनी आंघोळीपुरते पाणी संध्याकाळी घरात आणून ठेवावे. रांजण, पिंप, जे असेल ते आतल्या भिंतीशी ठेवून वरून बारदान गुंडाळावे आणि तोंड झाकावे. गच्चीवरच्या टाकीपेक्षा हे पाणी सकाळी नक्की ऊन असते. गच्चीवर काळी टाकी असेल तर तिची खरी वेळ दुपारी तीन-चारची. त्या वेळी पाणी उन्हाने आपोआप तापलेले असते. म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची आंघोळ त्या वेळी उरकली तर इंधनही वाचते आणि पहाटेचा काकडाही टळतो. सकाळची आंघोळ चुकली म्हणून देव कोपत नाही.

तांब्याचा बंब मात्र अजून मोडीत काढू नका. मधल्या नळीत विस्तव आणि चहूबाजूंनी पाणी, अशी त्याची रचना असते. आच बाहेर पळायला जागाच नाही. उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा तो किती तरी कमी सरपणात काम करतो. दोन गोष्टी सांभाळाव्यात. बोअरचे पाणी जड, त्यामुळे आत पांढरा थर बसतो आणि मग पाणी उशिरा तापते. तो थर वरचेवर काढावा. आणि पाणी न भरता बंब पेटवू नये, सांधे सुटतात. विजेचा रॉड वापरणाऱ्यांनी बादली प्लॅस्टिकची घ्यावी, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नये. बादलीला पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते, खर्च फार नाही. पण या एका निष्काळजीपणाने माणसे गेली आहेत.

आणि झाकण. हंड्यावर झाकण ठेवा, एवढे साधे वाक्य लिहायलाही संकोच वाटतो. पण दहा न्हाण्या पाहिल्या तर आठांत हंडा उघडा वाफाळत असतो.

सरपण ओले, पैसा वाया

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. असे लाकूड चुलीत घातले म्हणजे आधी त्यातले पाणी उकळून उडते, मग लाकूड जळते. त्यात बरीच आच वाया जाते आणि धूर मात्र वाढतो. सावलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, वारा खेळेल असे रचून ठेवलेले लाकूड पाच-सहा महिन्यांत वाळते. म्हणजे थंडीचे सरपण उन्हाळ्यातच रचले पाहिजे. जाड ओंडका असला तर चिरून ठेवावा. सालीतून पाणी बाहेर पडत नाही, चिरलेल्या अंगातून पडते.

आपल्याकडे मुख्य सरपण म्हणजे पऱ्हाटी आणि तुराट्या. मका वाढल्यापासून दाणे काढलेल्या कणसांचीही भर पडली आहे. ती झकास जळतात, फक्त कोरडी हवीत. पऱ्हाटीच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे काय केले ते कोणी विसरलेले नाही. ही अळी झाडावर राहिलेल्या वाळक्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहते. बांधावर पऱ्हाट्यांची गंजी लावून ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षाच्या अळीला घर बांधून देणे. म्हणून सरपणासाठी पऱ्हाटी ठेवायची तर आधी बोंडे तोडून जाळावीत, शेतात किंवा बांधावर गंजी ठेवू नये, आणि सर्वांत आधी हेच सरपण वापरून संपवावे. लाकूड मागाहून.

पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीचे गाव, तेव्हा हेही सांगायला हवे. उपटलेली मिरचीची झाडे चुलीत घालताना वाळकी मिरची राहिली नाही ना, ते पाहा. नाही तर दृष्ट काढल्यासारखा सारा वाडा ठसकतो, आणि दम्याच्या माणसाची रात्र खराब होते.

गोवऱ्यांविषयी थोडेच लिहितो. शेण जाळावे की शेतात घालावे, हा वाद जुना आहे. माझे मत शेतात घालावे. पण ज्या घरी रान नाही आणि दोन म्हशी आहेत, त्या घराला हा उपदेश करण्यात अर्थ नाही.

चूल सुधारायची म्हणजे काय

चुलीवर विचार करणारी माणसे आपल्याकडे फार आधीपासून झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ काम करीत होता, तेथे १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि पुढेही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. त्या हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची, धुराडे असलेली बिनधुराची चूल बसवली आणि १९५३ साली त्यावर पुस्तिका काढली. गरिबाघरची बाई डोळे चोळत स्वयंपाक करते, ते थांबले पाहिजे, ही त्यामागची तळमळ. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला आणि २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या.

त्यातल्या किती चुली आज पेटतात? फार थोड्या. चूल बसवून माणसे निघून गेली, धुराडे काजळीने भरले, ते साफ कसे करायचे हे बाईला कोणी सांगितले नव्हते. कुठे चुलीचे तोंड घरच्या पातेल्याला बसेना, कुठे भाकरी शेकायला जागा नाही. मग पहारीच्या एका घावात नवी चूल गेली आणि जुनी आली. दोष बायांचा नव्हता. ज्यांनी पुढे या कामात बायांना विचारून फेरफार केले, त्यांच्या चुली जास्त टिकल्या. पुण्याची ‘आरती’ ही संस्था डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली उभी राहिली. तिची ‘लक्ष्मी’ चूल महाराष्ट्रात बऱ्याच खेड्यांत गेली.

१ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला. आता चुलीचे काय काम, असे शहरातले लोक विचारतात. गॅस भाजीला, चहाला आणि पाहुण्याला. भाकरीला आणि पाण्याला चूल, हेच बहुतेक घरांत चालू आहे. तेव्हा चूल आहे तोवर ती चांगली असावी.

घरच्या घरी करण्यासारखे काय आहे? सरपण थेट जमिनीवर टेकू नये, खाली लोखंडी जाळी किंवा चार सळ्या टाकाव्यात, म्हणजे खालून वारा मिळतो आणि लाकूड धुमसत नाही. राख रोज काढावी. चुलीचे तोंड आणि भांडे यांच्यामध्ये बोटभरच फट राहील असे लिंपावे. भांड्याच्या बाजूने भगभगत वर जाणारा जाळ म्हणजे फुकट गेलेले सरपण. चुलीला वैल नसेल तर तो जरूर काढावा. पुढे भाकरी होते तोवर मागे वैलावर दुसऱ्या दिवसाच्या भांड्यांचे नाही तर हातपाय धुण्याचे पाणी ऊन होते. आणि धूर बाहेर जायला वाट हवी, धुराडे नसेल तर निदान साणे उघडे हवे. थंडी म्हणून साणे बुजवून धुरात बसणारी घरे मी पाहिली आहेत. धुराने ऊब येत नाही, खोकला येतो. आणि पाठीशी बांधलेल्या तान्ह्या लेकराच्या छातीत तो पहिल्यांदा भरतो.

चूल कुठे आहे यालाही महत्त्व आहे. कोरियात जुन्या घरांत चुलीचा धूर जमिनीखालच्या नळांतून फिरवून झोपायच्या खोलीची जमीन तापवीत. आपल्याला एवढा खटाटोप नको. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या मातीच्या भिंतीला चूल लागून असली, की संध्याकाळच्या स्वयंपाकाची ऊब त्या भिंतीत मुरते आणि पलीकडे झोपणाऱ्याच्या पाठीला अर्धी रात्र लागते. घर नव्याने बांधणाऱ्याने गवंड्याला हे आधी सांगावे.

माळवद गेले, पत्रा आला

आपल्या जुन्या घरांची शहाणी बाजू आता कळते. दीड-दोन हात जाड पांढऱ्या मातीची भिंत, वर तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. दिवसभराचे ऊन अशा भिंतीतून आत यायला बरेच तास लागतात, म्हणजे दुपारची ऊब रात्री पोचते. पत्र्याचे उलटे. निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब आकाशाकडे सोडून देतो आणि पहाटे भोवतालच्या हवेहूनही गार होतो. म्हणूनच सकाळी त्याच्या आतल्या अंगाला घाम फुटून थेंब टपकतात. माळवद गळते, त्याला दर वर्षी माती लागते, लाकूड मिळत नाही, म्हणून लोकांनी पत्रा घातला. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण पत्रा घालून जे गेले ते थोडे तरी परत आणता येते.

पत्र्याखाली हात-दीड हात अंतर सोडून छत बांधावे. बांबूचे तट्टे, बारदानाला बारदान शिवून केलेली चादर, जुन्या लुगड्यांचे दोन पदर, काहीही चालते. मधली अडकलेली हवाच पांघरुणाचे काम करते. गोधडीही त्याच न्यायाने ऊब देते: चिंध्या ऊब देत नाहीत, चिंध्यांमध्ये अडकलेली हवा देते. हेच छत उन्हाळ्यात डोक्यावरचा ताप कमी करते, म्हणजे एका खर्चात दोन ऋतू निघतात. मात्र चुलीच्या वर असे छत बांधू नये. ठिणगी उडाली तर घर जाईल.

त्याहून स्वस्त काम फटींचे. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटे फट असते, दाराखालून मांजर जाते, उत्तरेच्या खिडकीला झडप नसते. झोपायच्या खोलीतल्या या फटी चिखल-भुसा कालवून, चिंध्यांची वळकटी करून, फळी ठोकून बुजवाव्यात. फक्त एक वरची लहान खिडकी किंवा झरोका उघडा ठेवावा. खोलीत विस्तव नसला तरीही.

अंथरुणाचे गणित बहुतेक लोक उलटे करतात. पांघरुणावर पांघरूण घेतात आणि खाली शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी. फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. दोन गोधड्या असल्या तर एक खाली घालावी. तिच्याखाली कडब्याचा किंवा कोरड्या बारदानाचा थर असला तर उत्तमच. गोधड्या दर दोन दिवसांनी उन्हात टाकाव्यात. ओल धरलेली गोधडी जड लागते, पण ऊब देत नाही.

शेगडीविषयी, नीट वाचावे असे

रात्री दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही.

निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातून तो रक्तात शिरतो. आपल्या रक्तातला लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, पण या वायूला तो दोनशे पटींहून अधिक ओढीने धरतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, हातपाय गळतात, आणि झोपेत असलेला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून अशी बातमी येते. शहरात हाच प्रकार बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने घडतो.

एका खोलीतल्या साऱ्यांनाच एकदम डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली, तर ती बाहेरची बाधा नव्हे. अंगाऱ्यात वेळ घालवू नका. दारे-खिडक्या सताड उघडा, माणसांना ओढत का होईना मोकळ्या हवेत आणा, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. शुद्धीवर आलेल्यालाही डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. शेगडी हवीच असेल तर ती ओसरीवर, मोकळ्या जागी, माणसे जागी असेपर्यंत, झोपताना बाहेर. राखेत झाकून ठेवलेला विस्तवही मंदपणे हाच वायू सोडतो, म्हणून तो झोपायच्या खोलीत नको. काश्मिरी लोक फेरनच्या आत कांगडी बाळगतात हे खरे, पण तिच्या रोजच्या चटक्यांनी कातडीचा कर्करोग होतो, हे तिथल्याच डॉक्टरांनी दाखवले आहे. सर्वांत सुरक्षित शेगडी म्हणजे घट्ट बुचाच्या बाटलीत भरलेले ऊन पाणी, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवलेले.

गोठ्यातही एक फेरी मारून या. वासरांना आणि करडांना वाऱ्याचा झोत सोसत नाही. गोठ्याच्या उत्तर अंगाला पऱ्हाट्यांचा कूड करून वरून शेणामातीने लिंपला तर पैसा न घालता आडोसा होतो. फक्त बोंडे आधी काढलेली हवीत. खाली कोरडा पालापाचोळा, लहानग्यांच्या पाठीवर बारदान बांधलेले, आणि ते ओले झाले की बदललेले. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांची या दिवसांत तक्रार असते की गॅस उतरला. आतले जंतू थंडीने मंदावतात, त्याला इलाज थोडाच आहे. पण शेण कालवायला रात्रीचे गारठलेले पाणी न घेता बोअरचे ताजे किंवा दुपारचे उन्हात तापलेले घ्यावे, शेण सकाळी नव्हे तर दुपारी भरावे, आणि घुमटावर कडब्याचा जाड थर घालून ठेवावा. चहापुरता तरी गॅस वाढतो.